दुसरी चिठ्ठी

मी ओबेड पेटिंगिल, वय एकसष्ट, धंदा सुतारकी, राहणार वाकरुसा ओढ्याकाठी, कॅन्सस प्रांत, पूर्ण शुद्धीवर असताना, कोणाच्याही दडपणाविना ही माझी शेवटची व्यवस्था लिहून ठेवतो. छातीत पाणी झाले आहे, डोके मात्र ठिकाणावर आहे. तीन वर्षांपूर्वीही ते असायला हवे होते.

राहते घर, गाय आणि शिल्लक जे निघेल ते पत्नी लोवायना हिचे. कोणी वाटा मागू नये.

शेजारी ईनक स्प्रेग याच्या डुकरांनी माझा मका दोनदा तुडवला. ते भांडण मी इथे मिटवतो. वादातले कुंपण त्याचे.

माझी सर्व हत्यारे आणि ओढ्यापलीकडची चाळीस एकर जमीन आयझम गॅनावे या लोहाराला द्यावी. तो काळा, पण स्वतंत्र माणूस. हल्ली ओहायोत असतो. कारण लिहिणे भाग आहे.

डिसेंबर १८५५ मध्ये आम्ही गुलामगिरीविरोधी लोकांनी आमच्या राज्यघटनेवर मत घेतले. मतपेटी मी केली, बिजागऱ्या आयझमने ठोकून दिल्या. चिठ्ठ्या दोन होत्या. गुलामगिरी या भूमीत येऊ नये, या पहिलीला मी छाती पुढे काढून होकार दिला. दुसरी अशी, की स्वतंत्र काळ्या माणसानेही इथे राहू नये. बाहेर स्प्रेग ओरडत होता, "अरे, गुलाम नको आणि माणूसही नको, मग तुम्ही सुधारक कसले रे?" आम्ही हसलो. दुसरीलाही मी होकार टाकला. कामे जातील अशी भीती सगळेच घालत होते, पण हात माझाच होता.

दुकानाच्या दारावर निकाल लागला. दुसऱ्या चिठ्ठीला होकार एकेचाळीस, नकार एक.

आयझम माझ्याकडे आला. "सुतारबुवा, तो एक तुम्हीच ना? बायकोला म्हटलं मी, एक तर एक, पण आपला माणूस निघाला!"

मी "हो" म्हणालो. त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. स्प्रेग तिथेच फळी घ्यायला आला होता. ते ऐकून त्याने फळी खांद्यावर टाकली आणि तो निघून गेला.

आठवड्यात आयझमने भट्टी मोडली. जाताना निरोप घ्यायला त्याने गाडी माझ्या दारात थांबवली, स्प्रेगच्या नाही. पुढे ती राज्यघटना वॉशिंग्टनात अडकली, कायदा आलाच नाही. माणूस मात्र गेला. मला याची फार लाज वाटते.

तरी हे पत्र आयझमला आधी पूर्ण वाचून दाखवावे, मग जमिनीचे विचारावे. त्याने नाकारली तर आग्रह करू नये. माझ्यासाठी क्षमा मागू नये. पत्र स्प्रेगने न्यावे. ते एक मत त्याचे होते.

सही: ओबेड पेटिंगिल
वाकरुसा, ९ नोव्हेंबर १८५८

साक्षीदार: टर्झा लूमिस, शिक्षिका
साक्षीदार: ईनक स्प्रेग. वाचून सही केली. पत्र नेतो. तू कधी बोलतोस, याची तीन वर्षे वाट पाहिली.