तू सांगितलेला आकडा

आई, आज माझ्या मेहकरच्या दवाखान्यात एक कारकून आले होते, सोबत सासरे. मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा, तुझाच आजार. संडासला किती वेळा जावं लागतं विचारलं, तर सासऱ्यांकडे बघत म्हणाले, दोनदा. लाजेपोटी माणूस आकडा कमी सांगतो, हे मी पुस्तकातून नाही, तुझ्याकडून शिकले. सासऱ्यांना केसपेपर काढायला पाठवलं आणि विचारलं, एसटीनं आलात का? ते खाली बघत म्हणाले, "नाही मॅडम, मोटारसायकलनं. एसटी मधात थांबत नाही ना." मग खरं निघालं. आठ वेळा, दर वेळी रक्त. अंगात ताप होता, नाडी धावत होती. त्यांना आजच भरती व्हायला पाठवलं.

तूही नांदुऱ्याच्या बाजाराला जाणं असंच सोडलं होतंस. वांग्याले भाव नाही म्हणायचीस, आणि काळीपिवळी जीपमध्ये बसायची भीती लपवायचीस. मी मेडिकलला होते, सुट्टीत वडनेरला आलेली. दुपारी तू तुरीच्या शेंगा सोलतेयस आणि तुझा आजार ओळखून तो किती वाढलाय ते ठरवायला मी वही उघडून समोर बसलेय. दिवसातून चारच्या आत असेल तर सौम्य, सहाच्या पुढे गेलं आणि ताप, नाडी, रक्त कमी असं काही जोडीला असलं तर गंभीर, हे नुकतंच पाठ केलेलं. मायचं संडास मोजायले शिकवलं का तुले, म्हणून तू पोट धरून हसलीस. मग म्हणालीस, "लिही, तीन डाव. अन् जाय उद्या, परीक्षा हाये तुही." मी सौम्य लिहिलं आणि गेले.

महिन्याभरात तू वावरात चक्कर येऊन पडलीस. अकोल्याला रक्त चढवलं, औषधं लागू पडली, तू मला पुढे कितीतरी वर्षं मिळालीस. शेगावला दर्शनाच्या रांगेतसुद्धा अनोळखी बायांना सांगायचीस, "माह्या पोरीनं वळखला आजार, डाक्टरायले मंग कळला." तुझ्या त्या बढाईवर माझा फार जीव होता, आणि ती ऐकताना मी दर वेळी मान खाली घालून पायाशी चप्पल शोधत राहायचे.

आता तू नसताना हे पत्र कुठे टाकणार, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी सकाळपासून तू परसाकडे गेलेली मी मोजत होते. जेवणाआधीच सहा झाले होते. तू तीन म्हणालीस, तेव्हा मला हायसं वाटलं.