आईच्या रिपोर्टच्या जागी

होसूर,
रविवार, ता. ९ नोव्हेंबर २०२५

माझी मोठी बाय मृणाली हिला सागरचा नमस्कार. दाजींना पण सांग. हेमालीला म्हणावं, मामानं तिचं चित्र लॉकरच्या दारावर चिकटवलंय.

मी बरा आहे. काम तेच, फोर्कलिफ्ट. इथं तामिळनाडूत जेवायला रोज सांबार. सुक्या जवळ्याचा वास घेऊन वर्ष झालं. मागच्या महिन्यात एका बिहारी पोराला मी जवळा कसा भाजतात ते नुसतं सांगत होतो, तर तो म्हणाला, भाई तू रो रहा है क्या. थंडी सुरू झाली आहे. बाबांचा खोकला कसा आहे? त्यांना विडी बंद करायला सांगू नकोस, ऐकत नाहीत आणि मग लपून ओढतात.

अक्षर समजून घे. आठवीनंतर वही धरली नाही, गोडाऊनवर फक्त गाडी नंबर लिहितो. हे पत्र राघो आणेल. आपल्या राहनाळचाच राघो, ट्रेलर चालवतो. उद्या माल भरून निघतो, बुधवारपर्यंत भिवंडीला पोचेल. त्याच्याकडे कागद मागितला तर म्हणाला, "काय रं, लव्हलेटर? पोरीकं मोबाईल न्हाय का?" मी म्हटलं बहिणीला लिहितोय. मग त्यानं वहीतली पानं फाडून दिली. त्याला सांगितलंय की टेमघरला जाऊन तुझ्याच हातात द्यायचं, दाजींच्या नाही. दाजींवर माझा राग नाही. पण त्यांना फोन स्पीकरवर टाकायची सवय आहे. गुरुवारी पण तेच. "बोला मेहुणे, अख्खी बिल्डिंग ऐकतेय!" आणि तू मागून ओरडलीस, "अवो बंद करा ना तो भोंगा!" मी हसलो. मग तू ऑपरेशनचं सांगितलंस.

हे असलं भावानं बहिणीला लिहायचं नसतं, मला माहीत आहे. तरी लिहितो.

तू म्हणालीस, गाठी फार वाढल्या, रक्त थांबत नाही, पिशवी काढायचीच. सोमवारी सतरा तारखेला. पण पिशवीच्या दोन बाजूंच्या ओव्हऱ्या ठेवायच्या का त्या पण काढायच्या, ते तुलाच ठरवायचं आहे. काढल्या तर छत्तिसाव्या वर्षी एकदम म्हातारपण, अंगाची आग, हाडं ठिसूळ. ठेवल्या तर पुढे कधी त्यांच्यात काही निघालं तर, ही भीती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात कोणाला काही होतं का. तू आईचं सांगितलंस. पोटात पाणी झालं, पाण्यात कॅन्सर निघाला, पण मूळ कुठलं ते ठाण्याच्या हॉस्पिटलच्या कागदावर नाही. मग बाईंनी विचारलं, आईची पिशवी काढली होती तेव्हा तिचा रिपोर्ट काय होता?

आणि तू म्हणालीस, "चांगला होता. माझ्या भावानंच आणला होता."

त्यावर बाई म्हणाल्या, मग ठेवायला हरकत दिसत नाही. तू फोनवर किती खूष होतीस. "वाचले रं बाबू," म्हणालीस. मी "हो हो" केलं आणि गाडी आली म्हणून फोन ठेवला. गाडी आली नव्हती.

बाय, तेव्हाचं तुला सगळं माहीत नाही. तू बाळंतीण होतीस, हेमाली बारा दिवसांची. बाबा ड्युटीवर. दवाखान्याच्या बाहेर मी एकटाच होतो, सोळा वर्षांचा. ऑपरेशनच्या खोलीचं दार उघडून डॉक्टर बाहेर आले. हातात स्टीलचा ट्रे. म्हणाले, "बघ, हे काढलं." दाखवायची पद्धत असते म्हणे, नातेवाइकांना खात्री पटावी म्हणून. मी बघितलं. नको होतं बघायला. म्हणाले, "दोन्ही ओव्हऱ्या सध्या ठेवल्यात. याचा रिपोर्ट येऊ दे, त्याच्यात काही वेडंवाकडं असलं तर बघू." मग सिस्टरनं पांढऱ्या झाकणाचा डबा आणि चिठ्ठी हातात दिली. नाक्यावरच्या लॅबला नेऊन दे, लगेच.

डब्यावर आईचं नाव होतं. कमळ काळूराम. वय ४५.

मी वॉर्डबॉयला विचारलं, लॅबवाले याचं काय करतात? तो म्हणाला, "चिरतात, बारीक बारीक. भाजीसारखं."

शेअर रिक्षात बसलो. डबा मांडीवर, काळ्या पिशवीत. बाजूच्या बाईनं विचारलं, "कसलं लोणचं रं पोरा?" मी म्हटलं, कैरीचं. नाका आला. रिक्षावाला म्हणाला, उतरना है ना? मी म्हटलं, नाही, राहनाळ.

आई मला सांगायची, तुला पण सांगितलं असेल. मी झालो तेव्हा माझी वार तिनं शेताच्या बांधावर, चिंचेखाली पुरायला लावली होती. मातीतलं मातीला द्यायचं, कुत्र्यानं उकरू नये म्हणून वर दगड ठेवायचा. "म्हणून तू कुठं बी गेलास तरी परत येशील," म्हणायची. माझ्या डोक्यात तेवढंच आलं. आपण दोघं जिथं राहिलो ती जागा ही. ती परक्या माणसांनी भाजीसारखी का चिरायची? डब्यातलं औषधाचं पाणी ओतलं, डोळ्यांना झोंबलं. त्याच चिंचेखाली हातभर खणून पुरलं. दगड ठेवला. नमस्कार केला. मला वाटलं मी आईचं काहीतरी राखलं.

लॅबला डबा गेलाच नाही, बाय. रिपोर्ट कधी नव्हताच.

टाके काढायला गेलो तेव्हा डॉक्टरांनी विचारलं. मी म्हटलं, उद्या आणतो. पुन्हा त्या दवाखान्यात आईला नेलंच नाही. घरी सांगितलं, रिपोर्ट चांगला आला, डॉक्टरांनी ठेवून घेतला. आईनं माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. "माझा बाबू गुणाचा." त्या दिवशी तिनं पहिल्यांदा पोटभर भात खाल्ला.

पुढचं तू बघितलंस. चार वर्षांनी पोट फुगायला लागलं. आपण सगळे म्हणायचो, गॅस असेल, पिशवी तर काढलीय, रिपोर्ट तर चांगला होता. दर वेळी कोणीतरी ते वाक्य बोलायचं आणि मी बाहेर जायचो. तू मला किती शिव्या घातल्यास, घरात पाय टिकत नाही म्हणून. ठाण्याला दुसऱ्यांदा पाणी काढलं, तेव्हा तू खाली गोळ्या आणायला गेली होतीस. आईनं मला जवळ बोलावलं. म्हणाली, "बाबू, तवाचा रिपोट चांगला आलता ना रं?"

मी म्हटलं, "आलता म्हंजे काय. मीच तर आणला."

ती म्हणाली, "मंग काय न्हाय व्हनार."

सहा वर्षं झाली. हे वाक्य मला कुठं पण ऐकू येतं. रिव्हर्सचा हॉर्न वाजत असला तरी त्याच्या मधून येतं.

बाबांनी शेत गोडाऊनला दिलं, चिंच तोडली, तुला आठवतं. मी तिथंच कामाला लागलो. दार उघडं असलं की समोर गावदेवीचा कळस दिसायचा, त्या रेषेत चौथ्या खांबापाशी ती जागा. वर साबणाच्या पेट्या. मी फोर्कलिफ्ट तिथून नेत नव्हतो, फिरवून न्यायचो. सुपरवायझर म्हणायचा, "अबे, वहाँ साँप बैठा है क्या?" एके दिवशी घाईत गेलो वरून. माल भरलेली गाडी, तीन टन. ब्रेक दाबून तिथंच बसून राहिलो, मागे सगळे ओरडत होते. दुसऱ्या आठवड्यात होसूर धरलं. तुम्हाला वाटलं, पोराला भटकायची हौस. पण इथं पण फरशी तशीच आहे. करडी, गुळगुळीत. कुठल्या पण गोडाऊनला गेलो तरी चौथ्या खांबापाशी हात आपोआप वळतो.

आता कामाचं. कदाचित त्या पिशवीत काही निघालं नसतं. कदाचित असतं, आणि डॉक्टरांनी ओव्हऱ्या पण काढल्या असत्या, आणि आई आज हेमालीची वेणी घालत असती. ते आता कळायचं नाही, वर काँक्रीट आहे. पण तू "रिपोर्ट चांगला होता" यावर उभी राहून ठरवू नकोस. तिथं काहीच नाही, मी बोललेलं खोटं आहे फक्त. इथं आमच्या कंपनीत शनिवारी डॉक्टर येतात, त्यांना मी "मित्राच्या आईला असं होतं, आता त्याच्या घरात एकीचं ऑपरेशन आहे" म्हणून विचारलं. ते म्हणाले, घरात असा आजार असेल तर रक्ताची एक तपासणी असते, ती बघून ओव्हरीचं ठरवतात. आणि तारीख पुढे ढकलता येते का ते बहिणीच्या डॉक्टरला विचारायला सांग. बहिणीचं नाव मी काढलं नव्हतं. त्यांनी ओळखलं.

ठेवायच्या का काढायच्या, मी सांगणार नाही. एकदा मी कोणाला न विचारता ठरवलं, बास झालं. तू ठरव, खरं काय ते हातात घेऊन ठरव.

आणि जे काढतील ते लॅबला गेलंच पाहिजे. डबा दाजींच्या हातात देऊ दे. स्पीकरवर टाकू दे, अख्ख्या बिल्डिंगला सांगू दे, पण पोचवू दे. तू म्हणालीस तर मी येतो आणि रिक्षात त्यांच्या बाजूला बसतो. डबा माझ्याकडे देऊ नका.

फोनवर पण सांगता आलं असतं. चार वेळा लावला, चारही वेळा "जेवलीस का" विचारून ठेवला. पण लिहिलं ते दुसऱ्याच कारणासाठी. बोललो असतो तर तू गिळून टाकलं असतंस. मला पाठीशी घालायची तुला सवय आहे, लहानपणापासून. बाईंना काहीतरी गोलगोल सांगितलं असतंस. कागद गिळता येत नाही. आईची ती हिरवी फाईल बाबांच्या पेटीत आहे. तिच्यात पिशवीच्या ऑपरेशनचा डिस्चार्जचा कागद आहे, त्याच्या मागे रिपोर्टची जागा रिकामी आहे. तिथं हे पत्र लाव आणि फाईल बाईंच्या टेबलावर ठेव. वाचून मला फोन करू नकोस, आधी त्यांना कर.

दहा वर्षं उशिरा, आईचा रिपोर्ट पाठवणारा,
तुझा भाऊ
सागर