ठेका चालू, शब्द बंद

७ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. गुडघा शेकतेस हे वाचून बरं वाटलं. आजचं हे फोनवरही सांगता आलं असतं, पण तुझ्या कानांमुळे मला ओरडावं लागतं, आणि विषय ओरडून सांगण्यासारखा नाही. दुकानाला दोन्ही बाजूंनी शेजारी आहेत.

भिंगरीच्या शाळेचं स्नेहसंमेलन या महिन्याअखेर आहे. स्पीकर आणि माइक दरवर्षीप्रमाणे माझ्याच दुकानातले. वरच्या वर्गातल्या मुलींनी नाचायला एक गाणं निवडलंय. सध्या न्हाव्याच्या दुकानापासून बसपर्यंत सगळीकडे तेच वाजतं. नाचात आपली भिंगरीही आहे. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला बोलावून सांगितलं की गाणं राहू द्या, नाहीतर मुली रडतील. फक्त गाण्यातल्या बाईच्या तोंडच्या त्या दोन ओळी उडवा. कुठल्या, ते त्यांना म्हणवेना. म्हणाल्या, ऐकलं की कळेलच.

कळलं. त्यात ती बाई काय म्हणते ते मी लिहिणार नाही. एवढंच समज, की दिवा मालवल्यावर काय काय व्हावं ते तिनं सविस्तर सांगितलंय. ओळी नेमक्या कुठे सुरू होतात आणि कुठे संपतात ते सापडायला हवं, म्हणून हेडफोन लावून पुन्हा पुन्हा ऐकलं. परिणाम असा, की काल सकाळी देवापुढे डोळे मिटून बसलो तर ओठांवर तेच. हिनं दारातून विचारलं, हे कुठलं नवीन स्तोत्र काढलंत.

गंमत सोड. मी ऐकत असताना भिंगरी दुकानात आली, आणि मी चोरासारखं गाणं बंद करून तिला बाहेर जा म्हटलं. तुला ठाऊक आहे, ती एवढीशी होती तेव्हापासून मी आवाज जुळवतो तो तिच्या कानांनी. बारीक सूर मला आताशा ऐकू येत नाहीत. सभागृहाच्या शेवटच्या रांगेत उभी राहून ती हात वर-खाली करते, तसा मी आवाज चढवतो-उतरवतो. यंदा म्हटलं, आवाज जुळवायला तू येऊ नकोस, मी एकटा बघतो. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. मीठ माझ्यासमोर असतं, पण ती ते आईकडे मागते.

पोरीला जपतोय की गमावतोय, तेच मला कळेनासं झालंय. तू सांग.

तुझी माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
धाकटा

१३ जानेवारी

चि. धाकटोबास,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचून मी एकटीच इतकी हसले की शेजारीण बघायला आली. तुझ्या देवानंही ते गाणं ऐकलं म्हणायचं! त्याची काही तक्रार आली का?

अरे, मामी आठवते का? पुरुष माणसं बाहेर पडली की स्वयंपाकघरात ती जी गाणी म्हणायची, ती मोठ्या बाईंनी ऐकली तर त्यांना अंथरूण धरावं लागेल. तू पातेल्यांमागे बसून, सगळ्या हसल्या की हसायचास. त्यानं तुझं काय वाकडं झालं? उलट जरा जास्तच सरळ निघालास.

पण खरं विचारशील, तर माझी सारी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. काहीच न सांगता वाढवलेल्या मुली पाहिल्या, आणि नको ते सगळं ऐकून वाढलेल्याही पाहिल्या. रडायच्या दोघीही. त्यामुळे मला ठाम मत म्हणून उरलेलं नाही. तू आपला बाईंनी सांगितलेल्या दोन ओळी काप आणि गप्प बस. पोरीचा राग म्हणजे उतू जाणारं दूध, आच कमी केली की बसतं खाली.

वहिनीला आशीर्वाद. भिंगरीला माझ्याकडून एक पापा, ती तुला जवळ येऊ देईल तेव्हा.

नेहमी शुभ चिंतणारी,
ताई

१६ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

बाबांनी तुला लिहिलं असणारच. पोस्टाची पेटी दिसली की ते असे चालतात जणू ते मला ओळखतच नाहीत. मी लिहिलंय हे त्यांना सांगू नकोस.

आत्या, मला त्या दोन ओळी पाठ आहेत. वर्गात सगळ्यांनाच आहेत. त्यांचा अर्थ कळतो, थोडा कळत नाही, तो एकमेकींना विचारून कळतो. त्यासाठी मला दुकानाबाहेर काढायची काय गरज होती? मला वाटलं, मीच काहीतरी घाण केलंय.

आणि खरी गोष्ट बाबांना दिसलेलीच नाही. गाण्यात पुढे पुरुषाचं कडवं आहे. तो म्हणतो, तू नाही म्हणतेस, पण तुझे डोळे हो म्हणतात, मी तर येणारच. त्यात एकही वाईट शब्द नाही, म्हणून ते तसंच ठेवलंय. म्हणजे बाई स्वतःला काय हवं ते सांगते ते कापायचं, आणि तिला नको असताना तो येतो ते मोठ्यानं वाजवायचं. त्या ओळीला मी पाठ फिरवून पळते आणि माझी मैत्रीण, ती मुलगा झालीये, मला हात धरून ओढून आणते. तालमीत सगळे हसतात. मीही हसते. घरी आल्यावर कसंतरी वाटतं.

पण मग नाच सोडावा तर तेही नको वाटतं, कारण मला गाणं आवडतं. खूप आवडतं. हीच अडचण आहे. मी मूर्ख आहे का?

तुझ्या कुशीत शिरायला येणारच आहे सुट्टीत, तोवर लोभ पाठव.

तुझी,
भिंगरी

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

मागच्या पत्रातला माझा सल्ला फाडून टाक. मी ते गाणं ऐकलं. शेजारच्या मुलाकडून मागून घेतलं आणि त्यासाठी कानाचं यंत्र लावलं, ज्याला मी एरवी हात लावत नाही. मुलगा अजून माझ्याकडे बघून हसतोय.

तू वाईट शब्द शोधत बसलास. जिथे एकही नाही, तिथे ऐक. पुरुषाचं कडवं. वॉर्डात ज्या मुली बोलायच्या नाहीत, त्यांना तोच भेटलेला असायचा. त्याचं काय करायचं ते मला विचारू नकोस, मला ठाऊक नाही. पोरीला विचारायचं धाडस असेल तर तिला विचार.

आशीर्वाद आहेतच.
ताई

१ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र संमेलनाच्या आदल्या दिवशी हातात पडलं. ते कडवं ऐकलं, आणि हे मला आपणहून का दिसलं नाही याची लाज वाटली. भिंगरीला विचारायचं धाडस झालं नाही. मनाशी ठरवलं की तीही ओळ कापायची.

आता माझी हुशारी ऐक. आवाज साफ बंद केला तर नाचणाऱ्या मुलींची पावलं चुकतील, म्हणून मी फक्त गाणाऱ्यांचा आवाज उतरवायचा आणि ठेका चालू ठेवायचा, अशी सोय केली होती. फार सफाईदार काम होतं. बाईच्या दोन ओळी आल्या, मी आवाजाची पट्टी खाली ओढली, आणि सगळ्या सभागृहानं त्या म्हटल्या. ताई, शब्द रिकामे आणि ठेका चालू, म्हणजे मी त्यांना गायला आमंत्रणच दिलं होतं! पोरं खिदळत, एकमेकांना कोपरानं ढोसत ओरडत होती. आया पदराआड हसत होत्या. मोठ्या बाई समोरच्या पडद्याकडे बघत राहिल्या.

मग पुरुषाची ओळ आली. तिथेही मी पट्टी ओढली. तीही सगळ्यांनी म्हटली. पण या वेळी कोणी हसलं नाही. पाढे म्हणावेत तशी, सरळ आवाजात, मांडी घालून पुढे बसलेल्या बारक्या पोरांनीसुद्धा म्हटली. मी घाबरलो तो तेव्हा. त्याआधी नाही. भिंगरी रंगमंचावर पाठ फिरवून पळाली, ओढली गेली, हसली. एक पाऊल चुकलं नाही.

नंतर मोठ्या बाई आल्या. दोन ओळींचं राहू द्या म्हणाल्या, ही तिसरी कोणी कापायला सांगितली, त्यात वाईट काय होतं. मी वायरी गुंडाळत राहिलो. मागून भिंगरी म्हणाली की मी सांगितली. तिनं तर सांगितली नव्हती. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या वर्षी दुसरा साउंडवाला बघू म्हणाल्या.

गाडीत सामान भरून आम्ही निघालो. वाटेत तिनं विचारलं, ती ओळ का कापलीत. मी म्हटलं, तुला कोणी तसं ओढावं असं मला वाटत नाही. ती म्हणाली, पण कापून काय झालं, सगळ्यांना पाठच आहे. खरं होतं. मग मी कधी नाही ते तिला विचारलं, तर मग काय करायचं गं, वाजू द्यायचं, बंद करायचं, की तुला समोर बसवून एकेक ओळ समजावायची?

ती म्हणाली, बाबा, मला काय विचारता, मी सोळा वर्षांची आहे!

इतक्या दिवसांत ती पहिल्यांदा बाबा म्हणाली. पुढे घर येईपर्यंत ती मला त्या गाण्यावरून ओरडत होती, मी ऐकत होतो. उत्तर दोघांनाही सापडलं नाही.

तुला सापडलं तर कळव. तोवर आम्हा दोघांवरही लोभ असू दे.

तुझा,
धाकटा