डिकीतलं पोतं

सातारा, रविवार, १० फेब्रुवारी १९७४

वीस वर्षं गॅरेजात घालवली आणि आज माझ्याच गाडीनं मला मरणाच्या दारात नेलं.

रिटायर झालेल्या मेजरसाहेबांच्या दोन सीटांच्या बुटक्या गाडीशी यवतेश्वर घाटात पैज लावली. माझी चार दारांची, पण इंजिन मी स्वतः बांधलंय. सरळ रस्त्याला मी पुढं. पहिल्याच वळणावर माझ्या गाडीचं बूड दरीकडं फिरलं. कठड्याला घासून थांबलो. साहेबांची गाडी त्याच वेगात, जराही न कलता, निघून गेली.

साहेब माघारी आले. "डिकीत काय हाय रं?"

"शाळूचं पोतं, साहेब. बूड दाबून धरतंय न्हवं का."

"दाबून कसलं धरतंय, गड्या! वळणात तेच तुला बाहेर वढतंय."

पोतं उतरवलं, तेच वळण परत घेतलं. गाडी कलली. उंच आहे, कलणारच. पण बूड मुकाट मागं आलं. एका पोत्याचा एवढा फरक?

मग बापू टॅक्सीवाला आठवला. त्याला परवा मीच पोतं टाकायला सांगितलेलं. तसाच त्याच्या घरी गेलो. डिकी उघडून बापू खुशीत म्हणाला, "उद्या लेकीला घाटातनं बाळंतपणाला आणायचीय. तू एक सांगितलंस, म्या दोन टाकली."

दोन्ही उतरवली.

आता आठवत बसलोय. अजून कुणाकुणाला सांगितलंय मी?