बाळाचा पहिला फोटो

२ जानेवारी १९७५

नवी डायरी, नवं शहर, नव्या खोल्या. करमाळ्याहून बदली होऊन आलो आणि थेट सदाशिव पेठेत दोन खोल्या मिळाल्या, म्हणून ऑफिसातले लोक मला नशीबवान म्हणतात. घरमालक दिगंबरपंत खालच्या मजल्यावर राहतात. सामान वर चढत असताना त्यांनी विचारलं, की भांडी एवढी दिसतात, तर खाणावळ काढायचा विचार आहे का? शालूला हसू आवरेना. तिला सातवा संपत आलाय, म्हणून जिन्यात तिचा हात धरला, तर पंतांची मान तिकडेही वळली.

एक गोष्ट ठरवून टाकली आहे. बाळ झालं की त्याचा पहिला फोटो मी स्वतः काढणार. माझा लहानपणचा एकही फोटो नाही. आई सांगायची की तू गोरापान होतास, पण पुरावा कुठाय? तेव्हा कॅमेरा घ्यायचा. चांगला हवा आणि स्वस्तही हवा.

११ जानेवारी

माझ्या शेजारच्या टेबलावर हमीदभाई बसतात. पिढ्यान्‌पिढ्या पुण्यातले, आणि तरुणपणी फोटोंचा भारी नाद होता म्हणे. डबा खाताना त्यांनी मला शिकवणीच दिली. नवशिक्यानं साधा डबा कॅमेरा घ्यावा, उन्हाकडे पाठ करून उभं राहावं, खटका दाबावा. वर्षभर रोल वाया घालवावेत, मग पुढचं बघावं. जुना घ्यायचाच असेल तर भिंगाला बुरशी आहे का ते बघावं, आणि तो कुणी कशासाठी वापरला ते विचारावं.

कॅमेरा आहे की म्हैस, असं मी म्हटलं. हमीदभाई हसले, पण विचारा म्हणाले.

१९ जानेवारी

मिळाला!

नारायण पेठेत एक स्टुडिओ कायमचा बंद होतोय. फोटोग्राफर वारले, त्यांच्या पत्नी विजयमालाबाई सामान विकताहेत. टेबलावर दोन डबा कॅमेरे होते, लहान पोरांच्या खेळण्यासारखे. माझी नजर गेली ती कपाटात काळ्या फडक्यात बांधलेल्या गाठोड्यावर. सोडून बघतो तर जपानी, दोन भिंगांचा, चकचकीत. फडक्याला उदबत्तीचा वास होता.

बाईंनी विचारलं, कशासाठी हवाय? बाळासाठी म्हटल्यावर त्यांनी गाठोडं माझ्या हातातून काढून घेतलं. हा नको, म्हणाल्या. तुम्हाला झेपायचा नाही. अस्सल पुणेरी दुकानदारी! गिऱ्हाइकाची लायकी आधी काढायची. मी हट्टाला पेटलो. त्या म्हणाल्या की हा कायम वेगळाच ठेवलेला असायचा, लग्नामुंजींना यजमानांनी कधी नेला नाही. मी मनात म्हटलं, वा, म्हणजे झिजलेलाही नाही. आणि मग असली घासाघीस केली की डबा कॅमेऱ्याच्या भावात तो पदरात पडला. विचार करून न्या, असं बाई दारापर्यंत सांगत होत्या.

हमीदभाईंनी सांगितलेलं विचारायचं राहिलंच. पण भिंग स्वच्छ आहे.

२६ जानेवारी

आज सुट्टी, म्हणून पहिला रोल. हा कॅमेरा डोळ्याला लावायचा नसतो. पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत बघायचं. समोरचा माणूस त्यात उलट दिसतो, डावीकडचा उजवीकडे.

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या आनंदीबाईंचा काढला. मेल्या, भाजी विस्कटू नको, म्हणून त्या माझ्यावर ओरडत होत्या, तो क्षण बरोबर पकडला. मग हमीदभाईंच्या घरी जाऊन त्यांचा काढला. कॅमेरा बघून त्यांनी कपाळाला हात लावला, पण दाढीवरून कंगवा फिरवून ऐटीत बसले. बाकी सगळे नदी आणि पुलाचे. शालूचा काढणार होतो, पण ती म्हणाली, आधी शिका, मग माझ्याकडे वळा.

रोल संपल्याशिवाय धुवायला टाकायचा नाही, असा नियम केलाय. शालूलाही बजावून ठेवलं. एक चौकटसुद्धा वाया जाता कामा नये.

२ फेब्रुवारी

फोटो आले. नदी झकास. माणसं मात्र बिघडली. आनंदीबाई ओरडत होत्या, तर फोटोत तोंड मिटलेलं, डोळेही मिटलेले. नाकपुड्यांशी दोन पांढरे ठिपके. हमीदभाईंचेही डोळे मिटलेले, आणि हनुवटीखालून डोक्यावर गेलेली एक पांढरी पट्टी. धुताना ओरखडा पडला असणार. हमीदभाईंना दाखवला, तर म्हणाले, मच्छिंद्रराव, तुम्ही मला झोपेत गाठलंत की काय!

८ फेब्रुवारी

आनंदीबाई गेल्या. काल बाजारातून आल्या, टोपली उतरवली आणि तिथेच आडव्या झाल्या. मी ऑफिसला निघालो तेव्हा तिरडी कोपऱ्यावरच होती. नाकात कापसाचे बोळे होते.

घरी येऊन फोटो पुन्हा बघितला. मग पुस्तकाखाली ठेवून दिला.

१४ फेब्रुवारी

हमीदभाई.

छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत संपलं. दफनाआधी त्यांचा चेहरा बघायला आम्हाला आत बोलावलं. हनुवटीखालून डोक्यावर पांढरी पट्टी बांधलेली होती. गाठसुद्धा फोटोत आहे तिथेच.

मला रडू आलं. माझ्यावर त्यांनी पुण्यात पहिली माया केली होती.

१६ फेब्रुवारी

विजयमालाबाईंकडे गेलो. त्यांनी दारातच उभं केलं. पेठेत कुणी गेलं की तिरडी उचलण्याआधी शेवटचा फोटो काढायला त्यांच्या यजमानांना बोलावणं यायचं. त्या कामाचा कॅमेरा वेगळा. तो मंगलकार्याला न्यायचा नाही, जिवंत माणसावर धरायचा नाही, हा त्यांचा रिवाज. एकदाच मोडला. दुसरा कॅमेरा बिघडला होता आणि मुलीचा वाढदिवस होता.

मी ओरडलो की मग विकलात कशाला? म्हणाल्या, मी नको म्हणत होते. तुम्ही घासाघीस करत होतात.

परत घेणार नाही, म्हणाल्या, आणि दार लावलं.

१८ फेब्रुवारी

शालूला काही सांगितलं नाही. या दिवसांत तिला घाबरवायचं नाही. कॅमेरा कपाटात वरच्या फळीवर ठेवला. आत नवा रोल आहे, एकही चौकट घेतलेली नाही.

आज पंतांनी वर येऊन सांगितलं की बाळ घरी यायच्या आत खोल्या सोडा. त्यांना रडण्याचा आवाज सोसत नाही. म्हटलं, दिवस भरत आलेली बाई घेऊन जाऊ कुठे? तर म्हणाले, करमाळा अजून आहे ना जागेवर? शालू आत जाऊन रडली.

मला एक विचार आला. लिहीत नाही.

१९ फेब्रुवारी

लिहितो. पंतांचा फोटो काढला.

नुसती खात्री करायला, असं मी स्वतःला सांगितलं. पंत टोपी घालून खुर्चीत बसले, प्रत फुकट द्यायची अशी अट घातली. मी मान खाली घातली. काचेत त्यांचा चेहरा उलट दिसत होता आणि मला हसू येत होतं.

२५ फेब्रुवारी

पंत न्हाणीघरात पडले. डोकं उंबऱ्यावर. त्यांच्या मुलानं आम्हाला सांगितलं, हवं तेवढं राहा.

मला वाईट वाटलं नाही. बरं वाटलं.

२६ फेब्रुवारी

कॅमेरा नदीत टाकणार होतो. मग म्हटलं, चांगले पैसे मोजलेत. एक मास्तर तयार आहे. नाद नवा, पहिलाच कॅमेरा. फार वापरलेला नाही, असं मी त्याला सांगितलं. त्याने काही विचारलं नाही. सोमवारी नेतो.

आतला रोल काढायला घेतला — संपलेला. मी एकच घेतला होता.

शालूला विचारलं. ती लाजली. सातव्यात राहून गेलेलं डोहाळजेवण शेजारणींनी शनिवारी केलं, मी ऑफिसात असताना. फुलांची वाडी भरली. वाघोलीहून तिचा भाऊ जयसिंग आला होता, त्याने काढले. पाठमोरी बसवून, समोर आरसा ठेवून, म्हणजे वेणीही दिसेल आणि चेहराही. अहो, तुमच्याच चौकटी वाया जाऊ नयेत म्हणून, म्हणाली.

२८ फेब्रुवारी

फोटो आले.

पाठीवर वेणी, फुलं. आरशात चेहरा. डोळे मिटलेले. कपाळ काळं — भुवयांपासून केसांपर्यंत काळं. कुंकवाचा मळवट, कृष्णधवल फोटोत लाल काळंच येतं. सवाष्ण गेली की भरतात तो.

तिला विचारलं, त्या दिवशी कपाळाला काय लावलं होतं? म्हणाली, ही एवढीशी टिकली. का हो?

१ मार्च

सगळ्या प्रती जाळल्या. निगेटिव्हही. ती मला हसते. म्हणते, बाप व्हायच्या आधीच वेड लागलं. पोटावर माझा हात ठेवते. आत लाथा —

कॅमेरा अजून कपाटात. मास्तर परवा येईल, घेऊन जाईल. त्याच्याबरोबर हेही जाईल. जायलाच —

२ मार्च

दवाखाना. पहाटेपासून कळा. जयसिंगला घरी पाठवलं, तिची लुगडी आणायला. आत जाताना ती त्याच्या कानात काही बोलली. माझ्याकडे बघून हसली.

दुपार. रक्त थांबत नाही, म्हणतात.

डॉक्टर येऊन गेले. शालू गेली. मुलगा आहे. चांगला आहे, रडतोय. ऐकू येतंय. गोरा आहे, म्हणाले.

मी त्याला — एवढा एक राहिलाय. त्याला मी —

जयसिंग आला. धावत, हसत. त्याला अजून कुणी सांगितलं नाही. व्हरांड्याच्या पार तिकडच्या टोकाला उभा आहे. दाजी, ताईनं बजावलं हुतं, म्हणून ओरडतोय, पहिला फोटू काढायचाय न्हवं, आणलाय बघा, नवा रोल बी घातलाय, ऊन हाय तवर —

गळ्यात काळा पट्टा.

दार उघडलं. नर्स. दुपटं. जयसिंगने मान खाली घा