मिशी आणि पहिला बाक

५ जुलै
उद्यापासून सराव पाठ! चौथीचा वर्ग. पहिल्या बाकावरच्या मुलीला ऐकू येत नाही, ती ओठ वाचते. मार्गदर्शक बाईंनी बजावलंय — "शेवटच्या पाठाला मी मागे बसेन. ती नुसती बसून राहिलेली दिसली, तर तुम्ही नापास." मी मिशीला पीळ दिला. अख्ख्या कॉलेजात एवढी झुपकेदार मिशी कुणाची नाही!

६ जुलै
जीव तोडून ओरडलो. ती छान मान डोलावत होती. शेजारच्या वर्गावरचे गुरुजी धावत आले — "कोण भांडतंय?"
घसा बसलाय. घरी आईच्या तोंडाचा पट्टा चालू. स्वयंपाकघरातून विचारत होती, "नळवाल्याला बोलावलं का?" बाबा पेपरात तोंड खुपसून — "हो हो." नळ गळतोच आहे. आई म्हणते, भिंतीशी बोललेलं बरं.

९ जुलै
बाकीची कार्टी डोक्यावर मिऱ्या वाटतात, ही मात्र गुणी! प्रत्येक वाक्याला मान. आज सहज विचारलं, "शाळेला आग लागलीय का?" मान डोलावली!!

१० जुलै
तिच्यापुढे कागद ठेवला. लिहिलं — काय अडतंय? तिने माझं चित्र काढलं. डोळे, नाक, खाली केरसुणी. तोंडच नाही!
"मग मान का डोलावतेस?" हेही लिहूनच विचारलं. ती म्हणाली, "नाही कळलं म्हटलं की सगळे वैतागतात. हो म्हटलं की सोडून देतात."
जेवण गेलं नाही.

१२ जुलै
मिशी गेली. न्हावी म्हणाला, "पैज हरलात का?" शाळेच्या शिपायाने फाटकातच अडवलं — "उशीर झालाय. पालकांना घेऊन ये."

१४ जुलै
शेवटचा पाठ. बाई मागे. फळ्याकडे तोंड करून एक अक्षर बोललो नाही. आणि पहिल्या बाकावरची मान हलली — आडवी! "नाही कळलं. परत सांगा." मला नाचावंसं वाटलं. परत सांगितलं. पुन्हा आडवी. परत सांगितलं. शेवटी तीच म्हणाली, "कळलं हो सर! आता पुढे चला." बाई खो खो हसल्या. पास!

१५ जुलै
जेवताना पुटपुटलो, "मीठ कमी आहे." बाबांनी मीठ पुढे केलं. माझ्या ओठांकडे बघत होते.
"बाबा, ऐकू कधीपासून येत नाही?"
मान डोलावता डोलावता थांबले.
"तू मिशी ठेवलीस, त्याच्या आधीपासून."