लोंगर कुठे पडलं होतं

१० नोव्हेंबर

हॉस्पिटलातून आत्ता आले. फर्डिनंडचा खुबा मोडलाय, डोक्यालाही मार. शुद्ध नाही. सकाळी वाडीत केळीखाली पडलेला सापडला. शेजारचा सॅन्टन म्हणतो, "मी बघितला ना, तुझ्या दिराचा स्टॅनी कुंपनावरून पलाला." पोलिसांनी दुपारीच उचललं त्याला.

त्या घराशी दोन वर्षं बोलणं नाही, वाडीच्या वाटेवरून. वाट घेतली, आता केळीही!

ॲम्ब्युलन्सची वाट बघत होते, तर राजेळी केळ्यांचं लोंगर, अख्खा घड, तिथेच, केळीच्या बुंध्याशी. खाली सुकी पानं नीट पसरलेली, कापल्या देठाला पान गुंडाळलेलं. उन्हात राहिलं तर वाया जाणार. घरात आणून पिकत घातलं. नवरा बेशुद्ध, आणि मी केळी पिकत घालतेय! हाताला वळणच तसं.

११ नोव्हेंबर

पोलीस चिडले. "मुद्देमाल पिकत कोण घालतं, मावशी?" आमच्या वटार गावात सगळेच घालतील. फोटो काढले, लोंगर ठेवून गेले. जबाब उद्या.

स्टॅनी म्हणतो, काकांनीच बोलावलं, ते घसरून पडले, मी माणसं आणायला पळालो. हवालदार हसला. मीही हसले असते, पण ताकद नव्हती. फर्डिनंड बोलावेल त्याला? माझ्याशी न बोलता?

संध्याकाळी ॲलिस्टर आला. बहिणीचा मुलगा, माणिकपूरला वकिली करतो. म्हणाला, "मावशी, सगळं लोंगरावर आहे. त्याने माल नेता यावा म्हणून काकांना ढकललं, तर जबरी चोरी. दहा वर्षांपर्यंत. माल टाकला आणि नुसतं सुटायला ढकललं, तर साधी चोरी, वर दुखापतीचं कलम. लवकर सुटेल. कुठे पडलं होतं? काकांजवळ की कुंपणाशी?"

मी म्हटलं, आठवत नाही.

"कुंपणाशी असेल. कुंपणापर्यंत नेलं, चढताना पडलं, म्हणजे जबरी चोरीच. आठव नीट."

१२ नोव्हेंबर

जोआना, माझी जाऊ, स्टॅनीची आई, फाटकाशी उभी होती. उघडलं नाही मी. बाहेरूनच म्हणाली, "खरं तेवढंच सांग, इनेझ." रविवारी तिच्या मुलीच्या, रोवेनाच्या बाळाचा बाप्तिस्मा आहे, आम्हाला बोलावणं नाही. आणि मी खरं सांगायचं!

जबाब दिला. "कुंपणाशी." सही केली. फार दमले होते. नळ्या लावलेला नवरा डोळ्यांसमोरून हलत नाही. कोणाला तरी शिक्षा व्हायलाच हवी ना?

१३ नोव्हेंबर

झोप नाही.

१५ नोव्हेंबर

लोंगर पिवळं झालंय, घरभर वास. एक केळं सोललं, खाववलं नाही. चोराला पानं पसरायला वेळ कुठला? हे डोक्यातून जात नाही. फर्डिनंड तसं करतो. लोंगर कधी उघड्या मातीवर ठेवत नाही, डागतं म्हणतो. स्टॅनीही त्याच्याच हाताखाली शिकला, त्यानेच पसरली असतील. असंच असेल.

ॲलिस्टरला फोन केला नाही.

१६ नोव्हेंबर

चर्चहून सरळ हॉस्पिटलात गेले. फर्डिनंडने डोळे उघडले. माझं बोट धरलं. खोल गेलेल्या आवाजात म्हणाला, "रागावू नको हं. रविवारी बाप्तिस्मा ना? स्टॅनी लोंगर घेऊन गेला का?"